मंजुळा की मंजुला? नातीच्या जन्मदाखल्याबद्दल सल्ला हवा आहे

सुलभा_इंदूर

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदूरच्या रामबागेतले. मागच्या सोमवारी मला नात झाली. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप आहेत. मुलगी झाली तर मंजुळा, हे आधीच ठरलं होतं. माझ्या सासूबाईंचं नाव. आणि ते मी नाही, सुनेने सुचवलं. ती बदनावरची, माळवी बोलणाऱ्या घरातली. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांची शेवटची दीड वर्षं वेणीफणीपासून औषधापर्यंत सगळं तिनेच केलं. दोघींची भाषा धड एक नव्हती, तरी दुपारी दार लोटून तासन् तास बोलत बसायच्या.

परवा मुलगा नोंदणीचा फॉर्म भरायला गेला. तिथल्या मुलाने हिंदीच्या रकान्यात 'मंजुला' टाईप केलं. माझा मुलगा म्हणाला, ला नाही, ळा. तर तो म्हणाला, "सर, ये वाला अक्षर हिंदी में होता ही नहीं, मशीन में कहाँ से आएगा?" उद्धटपणे नाही हो, त्याला खरंच तसं वाटत होतं. मुलगा फॉर्म तसाच ठेवून घरी आला आणि चपला काढता काढता मला म्हणाला, "आई, एवढं काय अडलंय? इंग्रजीत दोन्हीचं स्पेलिंग एकच आहे."

मला तोंडावर उत्तर सुचलं नाही. रात्री मात्र झोप लागली नाही.

आमच्या शहरात ळ गळतो हे काही नवीन नाही. नीरेकाठच्या होळ गावचे म्हणून ते होळकर. आज स्टेडियमवर होलकर, १८९१ सालच्या सायन्स कॉलेजच्या पाटीवर होलकर. ज्या गावावरून नाव पडलं ते गावच नावातून निघून गेलं. टिळकांच्या नावाची वस्ती तिलक नगर. रोज तिथून जाताना काही वाटत नाही, कारण ती दुसऱ्यांची नावं असतात.

पण आमचं आडनाव पोळ. पोळ म्हणजे देवाच्या नावाने मोकळा सोडलेला वळू. त्याला कोणी दावं बांधत नाही, की कोणी मारत नाही. मुलाच्या शाळेत हजेरीपटावर ते 'पोल' झालं. हिंदीत पोल म्हणजे पोकळपणा, लपवलेली गोष्ट. दुसरीत असताना हजेरीला नाव आलं की मागच्या बाकावरून कोणीतरी "पोल खुल गई" म्हणायचं आणि वर्ग हसायचा. शिक्षकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, मुलंच ती, हसणारच. एके दिवशी हा घरी येऊन आजोबांना म्हणाला, "मला दुसरं आडनाव द्या." सासऱ्यांनी त्याला मांडीवर घेऊन वळूची गोष्ट सांगितली. त्याला ती आवडली, पण शाळेत उपयोग काय तिचा? एका अक्षराने देवाचा बैल जाऊन पोकळ ढोल राहिला होता.

आणि आता तांब्याबद्दल. घरात सासूबाईंचा एक पितळी तांब्या आहे, १९६४ साली बर्तन बाजारातून घेतलेला. (इंदूरचे आम्ही मराठीतसुद्धा बर्तन बाजारच म्हणतो.) काठाखाली नाव घातलेलं आहे, ठिपक्या-ठिपक्यांचं. कोरणारा माळवी माणूस होता. त्याने नाव कागदावर लिहून मागितलं आणि कागदाकडे बघत बघत ठोकलं. म, ज, ल लिहिणाऱ्याचा हात जसा सरसर जातो तसे पहिले ठिपके सारख्या अंतरावर आहेत. ळ पाशी मात्र हात थबकलेला दिसतो. तिथे ठिपके दाट आहेत, एकमेकांत मिसळलेत, दोन्ही वाटोळे जरा जास्त खोल गेलेत. बोट फिरवलं की बाकीची अक्षरं लागत नाहीत आता, घासून घासून गुळगुळीत झालीत. ळ लागतो. साठ वर्षांपूर्वी हातोडी-छिन्नीने जे जमलं ते आज कॉम्प्युटरवर का जमू नये?

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दाखल्यावर हिंदीत ळ लिहून मिळतो का? आणि आपण आग्रह धरावा का? मला भीती अशी वाटते की माझ्या हट्टापायी ही पोर जन्मभर लोकांची चूक दुरुस्त करत बसेल.

---

निवृत्त_कारकून

सुलभाताई, नातीचं अभिनंदन.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, मी नोकरीत हेच काम केलंय. घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण त्या नोंदीत बाळाचं नाव असलंच पाहिजे असं नाही. नावाचा रकाना मोकळा ठेवून नोंद करता येते. पुढे १२ महिन्यांच्या आत नाव घातलं तर विलंब शुल्क लागत नाही. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. तेव्हा नोंद करून टाका आणि नावासाठी शांतपणे पुन्हा जा.

पण जे घालाल ते बरोबर घाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेचा प्रवेश, आधार, मतदार यादी, लायसन्स, सगळीकडे हाच एक दाखला लागणार आहे. आमच्या वेळी शाळेत मास्तरांनी लिहिलं ते नाव आणि तीच जन्मतारीख, असं चालून जायचं. आता पहिलं अक्षर शेवटपर्यंत जातं. नंतर दुरुस्ती होते, पण शपथपत्र आणि खेटे आलेच.

आता 'मशीनमध्ये नाही' हे. मशीनमध्ये आहे. देवनागरीच्या इनस्क्रिप्ट नावाच्या की-बोर्डवर एनची कळ दाबली की ल येतो आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ळ येतो. एकाच कळीवर दोघं राहतात. त्या मुलाला कोणी दाखवलं नसेल एवढंच. जाताना नाव मोठ्या अक्षरात कागदावर लिहून न्या. तुमच्या सासूबाईंनी नेलं होतं तसंच.

---

ग्वाल्हेरचा_ज्ञानेश

ताई, मी वेगळं सांगणार आहे. राग मानू नका, मनापासून सांगतोय.

माझं नाव ज्ञानेश. ग्वाल्हेरला जन्मलो, शिकलो, सगळे ग्यानेश म्हणाले. बडोद्याला सहा वर्षं नोकरी केली, तिथे ग्नानेश. घरात आई द्न्यानेश म्हणायची. एकच अक्षर आणि तीन माणसं. इंग्रजीत वडिलांनी 'डी'पासून लिहिलं, कारण पुण्याचे काका तसं लिहायचे. शाळेने 'जी'पासून लिहिलं. लहानपणी कोणालाच ते महत्त्वाचं वाटलं नाही.

वडील आजारी पडले त्या वर्षी मला भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढायचे होते. एका खात्यावर 'डी', आधारवर 'जी'. अर्ज परत आला. पुन्हा केला, पुन्हा परत आला. अकरा महिने गेले. पैसे मिळाले तोवर वडील राहिले नव्हते. पैसे वेळेवर आले असते तर ते वाचले असते असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या उशाशी बसायचं सोडून मी नावाच्या झेरॉक्स काढत फिरत होतो, हे मला अजून सलतं.

आमच्या गावात शिंद्यांचे सिंधिया झाले. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे शिंदे. नावाचा उच्चार बदलला म्हणून घराणं वेगळं झालं नाही, अन्नकोटाचा थाट कमी झाला नाही. आपण ज्या मुलखात राहतो त्या मुलखाच्या जिभेला नाव सोपं असावं. मी माझ्या मुलीचं नाव रेवा ठेवलं. नर्मदेचं नाव, दोन अक्षरं, मराठीत तेच, हिंदीत तेच, गुजरातीत तेच. तिला आजवर एकदाही सांगावं लागलं नाही की "नाही हो, असं नाही, तसं."

तुमची शेवटची ओळ मला सगळ्यात खरी वाटली. ती पोर जन्मभर दुरुस्त करत बसेल. मी बसलोय.

---

रावपुरा_बडोदा

इथे ळ आहे बरं का. गुजरातीत लिपीतही आहे आणि बोलण्यातही. माझ्या शेजारच्या बेन मंजुळाच आहेत, पाटीवरही तसंच लिहिलंय.

मला एक वेगळंच विचारायचं आहे. मंजुळा हे तुमच्या सासूबाईंचं माहेरचं नाव की सासरचं? विचारते कारण मी रोज चिमणाबाई टॉवरवरून जाते. १८९६ सालचा तो. सयाजीराव महाराजांची पहिली राणी तंजावरची लक्ष्मीबाई, तिची झाली चिमणाबाई. ती गेल्यावर दुसरी आली देवासची गजराबाई, तिचीही चिमणाबाईच. दोन बायकांची आईबापांनी ठेवलेली नावं एका नावाखाली गेली. खुद्द महाराजसुद्धा कवळाण्याचे गोपाळराव होते, १८७५ साली दत्तक आल्यावर सयाजीराव झाले. पण पुरुषाचं नाव गादीसाठी बदललं, बायकांचं फक्त लग्नासाठी.

नातीला जे नाव तुम्ही इतक्या जिवापाड जपून देताय ते आजींनी स्वतः आपलं मानलं होतं का? तसं असेल तर ळ साठी जरूर भांडा.

---

देवासची_लेक

सुलभाताई, मी गाणं शिकवते, म्हणून कानाच्या बाजूने सांगते.

मंजुळा आणि मंजुला यांत फक्त अक्षराचा फरक नाही, अर्थाचाही आहे. मूळ संस्कृत शब्द एकच, मंजुल. सुंदर, मनोहर, गोड. हिंदीने तो जवळजवळ तसाच ठेवला. मंजुल म्हणजे बघायला छान असलेलं काहीही, फूल, चेहरा, देखावा. मराठीने मात्र तो कानासाठी राखून ठेवला. आपण मंजुळ आवाज म्हणतो, मंजुळ पावा म्हणतो, पैंजणांचा मंजुळ नाद म्हणतो. मंजुळ चेहरा कोणी म्हणत नाही. तेव्हा मंजुला ही देखणी मुलगी आणि मंजुळा ही गोड गळ्याची. दोन्ही चांगल्याच, पण तुमच्या घरात जी होती ती दुसरी.

आणि घरातल्या तान्ह्याकडे बघा. बाळ, बाळंतीण, पाळणा, जावळ, काजळ, वाळे, खुळखुळा, बाळगुटी. बारशाला पाळण्याच्या वरून-खालून बाळ देता-घेता आपण म्हणतो, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." मराठी मुलाच्या कानावर पहिल्या महिन्यात जेवढे ळ पडतात तेवढे पुढे वर्षभरात पडत नसतील. ते सगळे ऐकवायचे आणि नावातलाच तेवढा काढायचा?

हिंदीवाल्यांना ते अक्षर परकं वाटतं, पण ते आपण दक्षिणेतून बरोबर आणलेलं नाही. ऋग्वेदाचा पहिलाच मंत्र, अग्निमीळे पुरोहितम्, त्यात ळ आहे. गुजराती, राजस्थानी, पंजाबी बोलणारे रोज तो उच्चारतात. आजच्या छापील हिंदीने तेवढा सोडला.

ज्ञानेशजींचं वाचून गलबलून आलं. त्यांचं म्हणणं मी नाकारत नाही. तरी त्यांचा त्रास रोमन स्पेलिंगचा होता, एकाच नावाची दोन स्पेलिंगं कागदोपत्री झाली त्याचा. इथे इंग्रजीत दोन्हींचं एकच आहे, म्हणजे ती वेळ मंजुळावर येण्याचा धोका कमी.

आणि नावाचा हट्ट किती वेगवेगळ्या वाटांनी जातो ते आमच्या देवासला रोज दिसतं. कुमारजींचं खरं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. लहानपणी गाण्याबद्दल पदवी मिळाली कुमार गंधर्व, तेच नाव झालं. ते १९४८ साली इथे आले. मुलगा वडिलांचं मूळ नाव पुढे लावतो, मुकुल शिवपुत्र. मुलगी आडनाव लावते, कलापिनी कोमकली. एका घरात तीन वाटा, आणि गाणं एकच. तुमच्याच इंदूरला १९२९ साली जन्मलेल्या लतादीदींचं पाळण्यातलं नाव हेमा होतं. वडिलांच्या नाटकातल्या लतिकेवरून लता झालं, आणि आडनाव मंगेशी गावावरून. नाव बदलण्यात वाईट काही नाही. ते कोणीतरी विचार करून बदलावं, की-बोर्डवर अक्षर सापडलं नाही म्हणून बदलू नये, एवढंच मला वाटतं.

---

सुलभा_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे उत्तर देता आलं नाही, घरात बाळ म्हणजे दिवस कुठे जातो कळत नाही.

आधी बडोद्याच्या ताईंचं. तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. माहेरी त्या गोदावरी होत्या, हाक गोदी. १९६१ साली लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने मंजुळा लिहिलं गेलं. सासऱ्यांनी निवडलेलं नाव, सासूबाईंना कोणी विचारलं नव्हतं. पहिली दोन-तीन वर्षं "मंजुळा" अशी हाक आली की आपल्याला मारलीय हे लक्षातच यायचं नाही, असं त्या मला सांगायच्या. मग घरी शिवणकाम घ्यायला लागल्या. पोलकी, झबली. त्यातून साठलेल्या पहिल्या पैशांतून घेतलेला तो तांब्या. तुमचं वाचून मी तो पुन्हा हातात घेतला. इतकी वर्षं घासतेय, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं की त्यावर सौ. नाही, सासऱ्यांचं नाव नाही, पोळ नाही. घरातल्या बाकी झाडून सगळ्या भांड्यांवर ते सगळं आहे. या एकावर फक्त मंजुळा. म्हणजे कधीतरी त्यांनी ते नाव आपलं करून घेतलं होतं, आणि तेही स्वतःच्या पैशाने.

ज्ञानेशभाऊ, तुमच्या वडिलांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तुमचं पत्र मी मुलाला वाचून दाखवलं. तो गप्प झाला. मलाही वाटलं की सोडून द्यावं.

मग बारशाला सुनेच्या माहेरची मंडळी आली. तिची दादी, ऐंशीच्या पुढची, बदनावरजवळच्या खेड्यातून पहिल्यांदाच आमच्याकडे आलेली. माझ्या मुलीने, म्हणजे बाळाच्या आत्याने, कानात कुर्र करून नाव सांगितलं आणि मग मोठ्याने म्हटलं. दादींनी बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "म्हारी मंजुळा." स्वच्छ ळ. जीभ मागे वळवून, अगदी माझ्या सासूबाई म्हणायच्या तसा. मी चमकून सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, "आमच्याकडे काळो म्हणतात, माळवो म्हणतात, शाळेत गेलो की काला नि मालवा होतं." मग मला कळलं की सासूबाईंच्या खोलीत त्या दोघी भाषा एक नसताना काय बोलत असतील. निदान एक अक्षर तरी दोघींचं होतं.

त्यानंतर मुलाने बाळाला घेतलं आणि हाक मारली. "मंजुला." मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याला स्वतःला ते ऐकू आलं नाही. फोनवर तो पोल बोलतो हे मला माहीत होतं, मी म्हणायचे बाहेर तसं बोलावं लागतं. घरातसुद्धा त्याचा ळ गेलाय हे त्या दिवशी कळलं. कधी गेला? बहुतेक दुसरीतच. तेव्हा मांडीवर घेऊन गोष्ट सांगितली आम्ही, पण शाळेत पुन्हा गेलो नाही. गेलं पाहिजे होतं.

आता तो रोज म्हणून बघतो. पाळण्याची दोरी ओढताना हळूच, कोणी नाही बघून. जमतं कधीकधी.

नावासाठी आम्ही दोघं गेलो, कागद घेऊन. तोच मुलगा होता. कारकून साहेबांनी सांगितलेलं मी त्याला सांगितलं, शिफ्ट धरा आणि एन. त्याने दाबलं, पडद्यावर ळ आला. तो म्हणाला, "अरे, ये तो था ही." मग आईचं, वडिलांचं नाव त्याने वाचून दाखवलं आणि माझ्या मुलाने आडनावावर बोट ठेवून म्हटलं, "इसमें भी वही." ते मात्र झालं नाही, कारण त्याच्या स्वतःच्या सगळ्या कागदांवर पोल आहे आणि आधारशी जुळावं लागतं. तेव्हा दाखल्यावर मुलगी मंजुळा आणि बाप पोल. ज्ञानेशभाऊ, हे पुढे कुठे अडेल का ते तुम्ही आणि कारकून साहेबांनी मिळून जरूर सांगा, मी वाट बघते.

काल लसीचं कार्ड आलं. नर्सबाईंनी हाताने लिहिलं होतं, मंजुला. मी काही बोलायच्या आत सुनेने पर्समधून पेन काढलं, कार्ड गुडघ्यावर ठेवलं आणि ल चा ळ केला. एकदा गिरवला, शाई फुटेना म्हणून आणखी दोनदा गिरवला.